सांडणीची उंची

रोशेल तुस्कानोचे दोन्ही पाय एका गुरुवारी दुपारी जमिनीला टेकले. तिला इतका आनंद झाला, की पुढे कितीतरी दिवस त्या आनंदाचीच तिला लाज वाटत राहिली.

पण आधी ते पाय कुठे होते, हे सांगायला हवं. ते लोंबकळत होते, सांडणीच्या दोन्ही बाजूंना.

सांडणी म्हणजे तिच्या डॅडीची, केनेथ तुस्कानोची, मोटरसायकल. साडेसहाशे सीसीची, एकाच सिलिंडरची, जपानी, आणि आधीच्या मालकाने उन्हात ठेवून ठेवून रंग उडवलेली. नाव डॅडीनेच ठेवलं होतं. वाळवंटातून निरोप घेऊन धावते ती उंटीण म्हणजे सांडणी, असं त्याला वसईच्या शाळेत मास्तरांनी शिकवलं होतं. शारजात येऊन खरे उंट पाहिल्यावर त्याला कळलं, की मास्तरांनी उंट फक्त पुस्तकातच पाहिला असणार, कारण उंट धावण्यापेक्षा तोंड वाकडं करून बसण्यातच जास्त वेळ घालवतो. तरी नाव राहिलं ते राहिलंच.

रोशेल तेव्हा अकरावीत होती. दहावीपर्यंत ती वर्गात असून नसल्यासारखी, बाकाच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसणारी. मग एकदा असेंब्लीत निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, टीचरनी ऐनवेळी रोशेलला माइकसमोर ढकललं, आणि त्या दिवसापासून तिचं तोंड काही मिटलं नाही. आपल्याला आवाज आहे, लोक ऐकतात, हसतात, टाळ्या वाजवतात, हा शोध तिला एवढा उशिरा लागला, की आता ती सगळी थकबाकी एकदम वसूल करत होती. आणि बोलायचा विषय एकच, सांडणी.

शारजातल्या अल मजाज भागात रोशेलच्याच बिल्डिंगमध्ये राहणारी सान्वी स्कूलबसमध्ये रोज तिच्या शेजारी बसायची, त्यामुळे तिला सांडणीचे सगळे अवयव पाठ झाले होते. रोशेल दोन्ही हात हवेत फिरवत सांगायची, की बाइक मुळात दोन जातींच्या असतात. रस्त्यावरची बुटकी, जड, गुळगुळीत टायरची. रानातली किडकिडीत, उंच, तिला ना दिवा ना नंबरप्लेट. सांडणी दोन्ही. दिवे, इंडिकेटर, नंबरप्लेट सगळं आहे, म्हणून पोलिसाच्या नाकासमोरून धैदच्या रस्त्याने जाता येतं. आणि तोच डांबरी रस्ता सोडून वाळूत उतरलं, तर तिथेही ती बिचकत नाही. पुढचं चाक मुद्दाम मोठं, म्हणजे खड्ड्यात पडण्याऐवजी ते खड्ड्यावर चढतं. सायलेन्सर वर, सीटच्या अंगाला, म्हणजे वाळूत बुडत नाही. इंजिनच्या पोटाखाली जाड ॲल्युमिनिअमचा पत्रा, दगड लागला तरी घाव त्यावर. आणि सस्पेन्शन असं लांब, की उंटाच्या गुडघ्यासारखं दुमडतं आणि उघडतं.

"आणि या सगळ्याची किंमत काय," रोशेल विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. किंमत म्हणजे उंची. पोट दगडांपासून लांब ठेवायचं तर सीट वर जाणारच. ही काही बनवणाऱ्याची चूक नाही, हे इंजिनिअरिंग आहे.

"म्हणजे तुझ्यासारख्यांसाठी नाही," सान्वी म्हणायची. "तुझ्यासाठी ट्रायसिकल."

हे मात्र लागायचं. कारण रोशेलला सांडणी चालवायची होती. मागे बसून तिने अर्धं वाळवंट पालथं घातलं होतं, पण हँडल हातात घ्यायचं होतं. गेल्या सुट्टीत वसईला हिलरीकाकाच्या हिरो होंडावर ती गाडी शिकून आली होती, भुईगावच्या वाडीतल्या सगळ्या कोंबड्या याला साक्षी होत्या. डॅडीची ना नव्हती. त्याची अट एकच होती. सीटवर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

"चालती गाडी स्वतःला सांभाळते, बाय," तो म्हणायचा. "थांबलेली आपण सांभाळायची असते."

म्हणून रोशेल दूध प्यायची, बाल्कनीतल्या दांडीला लोंबकळायची, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीची रेघ मारायची. मम्मीने, म्हणजे कॅथरीनने, तिला कितीदा समजावलं, की तुस्कानोंच्या बायकांना देवाने उंची दिलेली नाही, त्यांच्या वाट्याची सगळी नारळाच्या झाडांना दिली. रोशेलने दांडी सोडली नाही.

आणि मग तो गुरुवार आला. शाळेला सुट्टी होती. डॅडी हमरिया फ्री झोनमध्ये कंटेनर यार्डवर ड्यूटीला गेला होता, कंपनीच्या बसने. रोशेल फडकं घेऊन बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये उतरली, सांडणी पुसली, आणि नेहमीप्रमाणे वर चढून बसली. दोन्ही बूट वाळूवर टेकले. टाचा जरा अधांतरी होत्या, पण चवडे पुरते टेकले होते.

ती तशीच उतरली, लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर पळाली, चौकटीला पाठ लावली. पेन्सिलीची रेघ होती तिथेच होती. म्हणजे ती वाढली नव्हती. सांडणी खाली आली होती.

रोशेल परत खाली आली आणि अंगात पांढरा टीशर्ट असूनही सरळ गाडीखाली आडवी झाली. मागच्या शॉकला धरणाऱ्या दोन पट्ट्या नव्या होत्या, जुन्यांपेक्षा लांब, ग्राइंडरचे ओरखडे अजून ताजे. त्या पट्ट्या लांबवल्या की मागचा भाग बसतो, हे तिला डॅडीनेच कधीतरी कागदावर काढून दाखवलं होतं. पुढचे दोन्ही फोर्क हँडलखालच्या पकडीतून दोन बोटं वर सरकवलेले. सीटचा फोम मधून कोरलेला. साइड स्टँडही कापून पुन्हा जोडलेला. आणि डाव्या बाजूला तिने पाहिलं तेव्हा तिला हसूच फुटलं. गिअरच्या दांडीला मागच्या अंगाने आणखी एक दांडी वेल्ड केली होती, टाचेने दाबायची. हिरो होंडाला असते तशी.

आता, असल्या गाडीला टाचेची दांडी कोणी लावत नाही. वाळूत उभं राहून चालवायचं असतं, तेव्हा टाच चुकून पडली तर नको तिथे गिअर पडतो. डॅडी स्वतःच असल्या दांड्यांना हसायचा. वसईहून येणारी माणसं पहिल्यांदा तेच शोधतात, म्हणायचा, बुटाला वळ पडू नये म्हणून. मग ही दांडी कोणासाठी लावली असेल. गाडी हिरो होंडावर शिकलेलं या घरात कोण आहे.

ती गाडीखाली वाळूत पडून राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी वाढत नाही म्हणून बापाने उंटीण बसवली होती.

तिने ठरवलं, की आपल्याला काही कळलंच नाही असं दाखवायचं. डॅडीला सरप्राइज द्यायचं असणार, ते मोडायचं नाही. सान्वीला मात्र तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार डॅडीच्या ओव्हरटाइममध्ये गेला, आणि शनिवारी बसमध्ये सगळ्यांना सांगितलं. येत्या शुक्रवारी मी सांडणी चालवणार. कोणीतरी म्हणालं, इन्शाल्ला. रोशेल म्हणाली, इन्शाल्ला बिन्शाल्ला नाही, पक्कं.

तो आठवडा तिने डॅडीकडे चोरून बघण्यात घालवला. त्याच्या प्रत्येक गोष्टीत तिला स्वतःसाठीचा बेत दिसत होता. तो अलीकडे पूर्वीच्या शुक्रवारांसारखा उंच टेकड्यांवर चढत नसे, सपाटीने जाई. म्हणजे तिच्यासाठी जागा हेरत होता. जिथे पूर्वी पाय ठेवायच्या पावठ्यांवर उभा राहायचा, तिथे आता बसून चालवायचा. म्हणजे बसलेल्या माणसाला गाडी कशी लागते, ते बघत होता. मंगळवारी ते दोघं इंडस्ट्रियल एरियात मोहिद्दीनच्या गॅरेजवर ऑइल आणायला गेले, तेव्हा मोहिद्दीनने हात पुसत विचारलं, "अब तकलीफ़ तो नहीं, केनीभाई?" आणि डॅडी घाईघाईने म्हणाला, "खलास, ठीक है." आणि रोशेलकडे पाहिलं. ती दुसरीकडे बघत शिट्टी वाजवत राहिली. केवढा अभिनय, तिला वाटलं, दोघांचाही.

शुक्रवारी सकाळी ते निघाले. धैदला पंपाजवळ करक, म्हणजे इकडचा दाट कडक दुधाचा चहा घेतला. मलैहाच्या पुढे, जिथे डांबर सोडून वाळूत उतरायचं, तिथे डॅडीने नेहमीप्रमाणे दोन्ही टायरमधली हवा कमी केली. हवा कमी केली की टायर पसरतो, उंटाच्या पावलासारखा, आणि वाळूत रुतत नाही. रोशेल हेल्मेट हातात घेऊन उभी होती, आता म्हणेल, मग म्हणेल. डॅडीने सांडणीवर टांग टाकली. टाकली म्हणजे, डावा हात सीटवर टेकून, कुशीवर वळून, कसाबसा चढला.

"यल्ला, बस मागे."

ती बसली. पुढे एखादी सपाट जागा असेल, तिथे देणार असेल.

सपाट जागा आली आणि गेली. मग वाळूची एक खोलगट वाटी आली, बारीक लाल भुसभुशीत वाळूची. असल्या वाळूत थांबायचं नसतं. वेग ठेवायचा, गिअर वर टाकत जायचा, वजन मागे. रोशेलला हे पाठ होतं. डॅडीने टाचेने दांडी दाबली. गिअर पडला नाही. इंजिन नुसतंच मोठ्याने ओरडलं, पुढचं चाक वळलं, गाडी घोट्यापर्यंत रुतली आणि जागच्या जागी थांबली. डॅडीने डावा पाय खाली टेकवला.

पाय टेकला, आणि कागदाचा असल्यासारखा दुमडला.

सांडणी सावकाश, अगदी बसल्या बैठकीला कलंडली. रोशेल बाजूच्या वाळूत फेकली गेली, तोंडात वाळू, आणि पहिल्यांदा तिला हसूच आलं. वाळूत सगळेच पडतात. ती हसत उठली आणि म्हणाली, "डॅडी, दॅट वॉज सो लेम."

डॅडी हसला नाही. तो डाव्या कुशीवर पडला होता, त्याचा डावा पाय गाडीखाली होता, आणि तो पायाकडे बघतच नव्हता. तो समोरच्या टेकडीकडे बघत होता.

"पेट्रोल बंद कर," तो म्हणाला.

तिने लाल बटण दाबून इंजिन बंद केलं, टाकीखालचा कॉक फिरवला. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी त्याच्या पायाखालची वाळू उपसली, खड्डा झाल्यावर बूट धरून पाय ओढून काढला.

"दुखतोय?"

"नाही."

"पक्कं? मोडला नाही ना?"

"दुखत नाही," डॅडी म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "तोच तर प्रॉब्लेम आहे, बाय."

मग त्याने सांगितलं, तेही वाळूत बसूनच. गेल्या पावसाळ्यापासून, म्हणजे ते वसईला असतानापासून, डावा पाय झोपल्यासारखा वाटतो. मुंग्या येतात तसा, पण मुंग्याही नाहीत. पंजा वर उचलला जात नाही. आधी कधीतरी व्हायचं, आता रोज. जिन्यावर चवडा अडतो. गिअर वर टाकायला दांडीखाली बोटं घालून उचलायला लागतं, ते जमेना. कमरेतून काहीतरी आहे, असं औषधाच्या दुकानातला म्हणाला. डॉक्टरकडे गेला नव्हता. डॉक्टरकडे गेलं की कागद होतो, आणि कंटेनरवर शिडी लावून चढणाऱ्या माणसाचा तसला कागद कंपनीला चालत नाही.

रोशेलच्या डोक्यात काहीतरी हळूहळू कलंडत होतं, सांडणीसारखंच. तिने विचारलं. विचारायला नको होतं, हे तिला विचारतानाच कळत होतं.

"मग गाडी खाली केली ती... माझ्यासाठी नव्हती?"

डॅडीने तिच्याकडे पाहिलं. त्याला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. त्याचा चेहरा असा झाला, की रोशेलने तो पुन्हा कधी पाहू नये.

"तुझ्यासाठीच तर केली," तो म्हणाला. "तुझ्यासाठीच, बाय. चल, उचल आता."

ती उचलायची कशी, हे त्यानेच शिकवलेलं होतं. हँडल पूर्ण वळवायचं, गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटला लावायचं, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि हातांनी नाही, मांड्यांनी उचलायचं, मागे मागे पावलं टाकत. दीडशे किलोच्या वर वजन. पहिल्यांदा वाळूत पावलंच घसरली. दुसऱ्यांदा ती गुडघ्याएवढी आली आणि परत गेली. डॅडी उठायला लागला तेव्हा ती ओरडली, "यू सिट." त्याने आयुष्यात पहिल्यांदा तिचं ऐकलं. तिसऱ्यांदा सांडणी उभी राहिली. रोशेलने पायाने स्टँड काढला, वाळूत रुतू नये म्हणून कॅरिअरला बांधलेलं फळकूट त्याखाली सरकवलं.

डॅडीला सीटवर चढवताना तिला त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून पलीकडे टाकावा लागला. गाडी खाली केली होती म्हणून जमलं, नाहीतर जमलं नसतं. तो मागच्या सीटवर बसला. ती पुढे. इतके दिवस जे मागत होती ते असं मिळत होतं, आणि घ्यायला हात पुढे होत नव्हता.

पडून उठलेलं इंजिन पेट्रोलने तुंबलेलं असतं. कॉक पुन्हा उघडायचा, चोक नाही, रेस पूर्ण उघडी, मग बटण. सांडणी खोकली, दोनदा गचके दिले आणि धडधडायला लागली. रोशेलने क्लच सोडला. वाळू चाकाखाली उकरली गेली, गाडी निघाली.

"लांब बघ," डॅडी कानाशी म्हणाला. "चाकाकडे नको. रेस सोडू नको."

तिने रेस सोडली नाही. दुसरा गिअर टाकायची वेळ आली तेव्हा तिने टाच मागे नेली. दांडी सापडली नाही. तिने पाय आणखी मागे ओढला, पावठ्यावरून अर्धा काढला, तरी टाच हवेतच. तिला एक क्षण कळेना, आणि मग कळलं. दांडी तिच्या पायाच्या मापाची नव्हतीच. डॅडीच्या बुटाच्या मापाने वेल्ड केलेली होती, लांब, मोठ्या टाचेसाठी. गुरुवारी ती नुसती बसली होती आणि हसली होती, पाय ठेवून पाहिलाच नव्हता.

तिने बोटं दांडीखाली घातली आणि गिअर वर उचलला, सगळे उचलतात तसा. हेल्मेटच्या आत ती रडायला लागली. डॅडीच्या हातांनी तिची कंबर धरली होती, घट्ट, आणि तिचं पोट हुंदक्यांनी हलतंय हे त्याला कळत असणार. त्याच्या सूचना बंद झाल्या. ती चांगली चालवत होती, हेच सगळ्यात वाईट होतं. इतकी चांगली, की कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाप लेकीला शिकवून खूश होऊन मागे बसलाय.

डांबर आलं तिथे थांबले. वाळूसाठी सोडलेली हवा पुन्हा भरल्याशिवाय रस्त्यावर जाता येत नाही, टायर गरम होऊन फाटतो. रोशेल हातपंपाने हवा भरत होती, डॅडी रस्त्याकडेच्या दगडावर बसला होता. समोरून एक पिकअप गेला, मागे तीन उंट बांधलेले, तोंडं वाकडी.

तेव्हा डॅडी बोलला. हळू, समजावणीच्या सुरात, जसं काही तोच तिच्याकडे हट्ट करत होता. पुढच्या शुक्रवारी तूच चालव. त्याच्या पुढच्याही. दर शुक्रवारी. सतरा पूर्ण झालीस की लायसन्स काढू, मग डांबरावरही तूच, खोरफक्कानपर्यंत, समुद्रापर्यंत. ती दांडी काढून टाकू, तुझ्या मापाची लावू. मी मागे बसेन. मला मागे बसायला आवडलं.

"फक्त मम्मीला नको सांगू."

रोशेल पंप मारत राहिली.

"तिला सांगितलं की ती मला ओढत डॉक्टरकडे नेणार. मग कागद होणार. मग कंपनी, मग व्हिसा. तुझी बारावी तरी होऊ दे. एक वर्ष, बाय. एका वर्षात काय होतंय."

"वाढलं तर?"

"नाही वाढत."

"डॅडी, यू डोन्ट नो दॅट."

रोशेलने पंप गुंडाळून ठेवला. तिच्याकडे लायसन्स नव्हतं, म्हणून पुढचा रस्ता त्यालाच चालवायचा होता. शारजापर्यंतचा सगळा रस्ता तो होता होईतो एकाच गिअरमध्ये राहील असा वेग धरून आला, आणि प्रत्येक सिग्नलला रोशेल दोन्ही पाय खाली सोडून तयार राहिली, त्याच्या बाजूने पाय टेकवायला.

घरी मम्मी सुरमई तळत होती, कारण संध्याकाळी चर्चमध्ये मासला जायचं होतं आणि त्याआधी जेवण उरकायचं होतं. डॅडी सोफ्यावर बसला, आज वाळू किती मऊ होती वगैरे सांगायला लागला. रोशेल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आठवडाभर जिच्या तोंडाला विश्रांती नव्हती, तिला एक वाक्य जुळवता येईना. तिला समोर दिसत होते ते सगळे शुक्रवार. खोरफक्कानची उतरण, खाली निळा समुद्र, तिच्या हातात हँडल. ते सगळे अजून तिचेच होते. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर ती कालपरवापर्यंत शाळेत पहिली होती.

"मम्मी," ती म्हणाली. डॅडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, त्याच्या पाठीमागे सांगायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. "डॅडीचा डावा पाय उचलला जात नाही. तो आज माझ्यासमोर पडला."

मम्मीने झारा हातात धरूनच मागे पाहिलं आणि हसली. याचा पाय लग्नातसुद्धा उचलत नव्हता, म्हणाली, वेडिंग डान्सला मला त्याला ओढावं लागलं होतं. मग तिने रोशेलचा चेहरा पाहिला. गॅस बंद केला. पदर नसतानाही कंबरेला हात पुसले आणि बाहेरच्या खोलीत आली.

"केनी?"

डॅडीने रोशेलकडे पाहिलंच नाही. तो मम्मीकडे बघून हसला, हात उडवला. पोरगी घाबरली, म्हणाला, वाळूत पडलो, सगळेच पडतात. मम्मीने काही वाद घातला नाही. ती खाली बसली, त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले. मग बाथरूमच्या दारातल्या त्याच्या रबरी सपाता आणून त्याच्या पायांपुढे ठेवल्या आणि दोन्ही पायांत तिनेच सरकवल्या.

"दारापर्यंत चालून दाखव."

"काय नाटक लावलंय दोघींनी."

"चाल, केनी."

डॅडी उठला. खांदे मागे, मान ताठ, यार्डवर साहेब आल्यावर उभा राहतो तसा. मग चालला. उजवा, डावा, उजवा, डावा. डावा जरा जास्तच उंच उचलत होता, गुडघ्यापासून, पाण्यातून चालल्यासारखा, पण अडखळला नाही, कशाला धरलं नाही. दारापर्यंत पोहोचला, दाराला हात लावला आणि वळला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "काय म्हणत होती ही?"

डावी सपात सोफ्यासमोरच राहिली होती. पहिल्याच पावलाला पायातून निसटली होती. तो सगळी खोली एका अनवाणी पायाने चालून गेला होता आणि त्याला ते कळलं नव्हतं, अजूनही कळलं नव्हतं. तो दाराशी हसत उभा होता, उत्तराची वाट बघत.

मम्मीने तोंडावर हात धरला. रोशेल सपातेकडे बघत राहिली, कारण वर पाहिलं असतं तर तिच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असतं, आणि तिला वाटत होतं, अजून थोडा वेळ, एवढासा वेळ, त्याला तसंच हसत राहू दे.